उघड्या डोळ्यांची आत्या

आत्याला आत्या केलं ते तिच्या भाचीनं. काही वर्षांपूर्वी कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला लावलं, तेव्हाच्या पहिल्याच ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब गंभीर चेहऱ्यानं आकडे सांगत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "आत्या, माझे मोजे कुठेत?" माइक चालू राहिला होता. "माझ्याकडे तरी नाहीत," असं उत्तर साहेबांनीच दिलं, सगळे हसले, आणि वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या अख्ख्या टीमची ती आत्या झाली. साहेबसुद्धा तिला आत्याच म्हणतात. ते तिच्यापेक्षा वयानं मोठे आहेत, पण ते असो.

ती राहते भावाच्या घरात. लग्न केलं नाही, आणि का नाही हे विचारणारेही आता थकले. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तिचं टेबल आहे, आणि मागे दोरीवर टाकलेली निळी चादर. वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून ती सोय. भाची नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून मोजे कुठेत हे घरात कोणी विचारत नाही. भाऊ चांगला, वहिनीही चांगली, पण आत्या आठवडाभर कुठे गेली तर या घरातलं काही अडणार नाही. हे तिला माहीत होतं आणि ते तिला लागायचं.

तिची खरी वस्ती होती सकाळच्या पंधरा मिनिटांत. तक्रारींची लाइन नऊला उघडते. पण पावणेनऊलाच सगळे स्क्रीनवर हजर व्हायचे, कारण तेव्हा आत्या एकेकाची चौकशी करायची. वॉरंटीचे दावे बघणारा, ज्याला सगळे वॉरंटीवाला म्हणतात, त्याच्या मुलाचं गणित कुठवर आलं, कोणाचा घरमालक अजून भांडतोय का, हे सगळं तिला ठाऊक. सगळ्यात लाडकी नवी. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली, पण तिच्यानंतर कोणाला घेतलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. नवीची आई गेली तेव्हा पोरीनं पहिला फोन आत्याला केला होता. मग कितीतरी दिवस संध्याकाळी काम संपलं की फोन यायचा, आणि आत्या बाल्कनीत उभी राहून नुसतं "हं, बोल" म्हणायची.

मग साहेबांना कुठून तरी बुद्धी सुचली. "सगळे फार चिडचिडे झालेत. एका गिऱ्हाइकाला आपल्याच माणसानं 'मशीन नाचतंय तर तुम्हीही नाचा' म्हणून सांगितलं. आपण सकाळी ऑनलाइन सामूहिक ध्यान सुरू करू. महिनाभर बघू, पटलं तर पुढे." आणि वेळ कोणती ठरवली? पावणेनऊची. आयत्या बिळावर नागोबा.

नागोबा म्हणजे एक तिशीतली बाई, तीही कुठल्याशा घरातून बोलणारी. मोठा चष्मा, मागे पांढरी भिंत, आणि आवाज असा की रागावलेलं मांजरही मांडीवर येऊन बसावं. पहिल्याच दिवशी आत्यानं मनात तिचं नाव गोडबोली ठेवलं.

"श्वास घ्या... सोडा... मनातल्या नदीच्या काठावर बसा."

"नदी म्हणे," आत्या दुपारी वहिनीला म्हणाली. "श्वास घ्या हे सांगायला पगार मिळतो. इतकी वर्षं मी काय माणसांना श्वास न घेता बसवत होते?"

वहिनी कणीक मळत होती. "आवाज छान आहे हो तिचा. मी मुद्दाम मिक्सर बंद ठेवते त्या वेळी."

आता घरातलाही एक माणूस फितूर झाला म्हटल्यावर आत्यानं पुढे बोलायचं सोडून दिलं.

तिच्या पोटात दुखत होतं, आणि चांगलंच दुखत होतं. ध्यान संपलं की सगळे थोडे मागे थांबायचे आणि गोडबोलीशी बोलायचे. वॉरंटीवाला आपल्या झोपेबद्दल बोलायचा. नवीही बोलायची. संध्याकाळचे फोन आधी दोन दिवसांआड आले, मग थांबले. आत्यानं एकदा आपणहून फोन केला, तर नवी म्हणाली, "आता बरं वाटतं आत्या. सकाळी शांत बसते ना, त्यानं." बरं वाटतंय हे ऐकून आत्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि याचाही राग तिनं गोडबोलीच्याच खात्यावर टाकला.

म्हणून तिनं ठरवून टाकलं होतं की डोळे मिटायचे नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं, आत्या डोळे उघडे ठेवून जळायची. स्क्रीनवरच्या चौकोनांत एकेक मिटलेला चेहरा, आणि ती त्यांच्यावरून नजर फिरवत राहायची. वॉरंटीवाल्याचं तोंड हळूहळू उघडायचं. साहेबांच्या भुवया मिटल्या डोळ्यांवरही हिशेब करत असायच्या. नवीचा चेहरा मात्र असा सैल पडायचा की आत्याला बघवायचं नाही. माझ्यासमोर ही पोर कधी अशी बसली नाही. आणि शेवटी नजर थांबायची गोडबोलीवर. तिच्या चष्म्यावर स्क्रीनचा उजेड पडलेला असायचा, त्यामागचे डोळे दिसायचे नाहीत. नक्की कागदावरून वाचून दाखवत असणार, आत्या म्हणायची. कधीतरी चुकेल.

महिना संपत आला. आज ध्यान झालं की पुढचं सांगतो, असं साहेब म्हणाले. त्या दिवशी गोडबोलीनं सगळ्यांना नदीकाठी नेऊन बसवलं आणि म्हणाली, "आता मी बोलणार नाही. घंटा वाजेपर्यंत कोणी उठू नका."

आणि तिचा चौकोन थिजला, काळा पडला आणि गेला.

वीज गेली असेल, नाहीतर नेट. कोणाला पत्ताच नाही. सगळे नदीकाठी बसलेले, उठू नका म्हणून सांगितलेलं, आणि उठवणारी गायब. हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. आत्याला इतका आनंद झाला की तिनं पदर तोंडाला लावला. काही करायचंच नव्हतं तिला. नऊला लाइन उघडेल, गिऱ्हाइकांचे फोन वाजत राहतील, कोणी उचलणार नाही, साहेब दचकून जागे होतील आणि नदी कायमची आटेल. पावणेनऊ परत आत्याची.

ती हाताची घडी घालून बसली. घड्याळ नऊच्या जवळ आलं. कोणी हललं नाही. आणि मग नवीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरून खाली हनुवटीपर्यंत गेलं, ओठ थरथरायला लागले, पण पोरगी डोळे उघडेना. उठू नका म्हटलंय ना. आत्यानं गोडबोलीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथून कोणी येणार नव्हतं.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. तोंडानं हाक मारली तर आवाज ओळखतील. शेजारी पाण्याचा स्टीलचा पेला होता आणि त्यात चमचा. तिनं पाणी पिऊन टाकलं आणि पेल्यावर चमचा मारला, हलकेच, तीनदा.

सगळ्यांनी डोळे उघडले. "आज काय लागलं होतं ध्यान!" वॉरंटीवाला जांभई देत म्हणाला. नवीनं ओढणीनं तोंड पुसलं. तेवढ्यात गोडबोली फोनवरून धापा टाकत परत आली. "माफ करा, वीज गेली. तुम्हाला तसंच सोडून गेले मी. कोणी उठवलं तुम्हाला?"

"घंटा तर वाजली," साहेब म्हणाले.

"मी नाही वाजवली."

चौकोनातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्यानं चमचा हळूच टेबलाखाली घेतला.

"पेल्याचा आवाज होता तो," नवी म्हणाली. "आत्या, तुम्ही?"

"म्हणजे आत्यांचे डोळे उघडे होते?" साहेबांनी विचारलं. "आम्ही सगळे बसलेलो असताना तुम्ही बघत होतात?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काय सांगणार? की महिनाभर एकेकाचं तोंड बघत जळत होते?

"मीच सांगून ठेवलं होतं त्यांना," गोडबोली म्हणाली. "इतके लोक डोळे मिटून बसणार, तर एकानं जागं राहायला हवं. मी आत्यांना निवडलं."

साहेबांनी मान डोलावली आणि ध्यान पुढे चालू ठेवायचं म्हणून सांगून टाकलं. नऊ वाजले. पहिला फोन आला, कोणाचा तरी फ्रिज रात्रभर गुरगुरत होता.

दुपारी आत्यानं गोडबोलीला फोन लावला. "खोटं का बोललात?"

"तुम्ही पेला का वाजवलात?"

आत्यानं टेबलावरचा रिकामा पेला उलटा करून ठेवला.

"मलाही डोळे मिटता येत नाहीत हो," गोडबोली म्हणाली. "माणसांवर लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या दिवसापासून बघतेय. सगळे मिटलेले, आणि तुम्ही माझ्याकडे टक लावून. आधी भीतीच वाटली. मग वाटलं, चला, कोणीतरी आपल्याकडेही बघतंय."

आत्यानं फोन ठेवला आणि तिला जास्तच राग आला. वाईट माणसावर जळणं सोपं असतं. या बाईनं तेवढंही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला सगळे जमले. गोडबोली म्हणाली, "आजपासून घंटा आत्यांकडे. त्या आहेत तर आज मीही बसते तुमच्याबरोबर." तिनं चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. चष्म्याशिवाय ती नवीच्याच वयाची दिसत होती, डोळ्यांखाली काळं.

आत्या पेला पुढ्यात घेऊन बसली. इतके दिवस चोरून बघत होती, आज हक्कानं बघायचं होतं. नवीचा चेहरा सैल झाला, वॉरंटीवाल्याचं तोंड उघडलं, साहेबांच्या भुवयासुद्धा आज गप्प होत्या. सगळे नदीकाठी गेले, गोडबोलीही गेली. आत्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं की आपणही डोळे मिटावेत आणि बघून यावं, आहे तरी काय तिथं. पण तिला आता ते करता येणार नव्हतं. तिचा नदीवर जळफळाट झाला.

नऊला थोडा अवकाश असताना तिनं चमचा उचलला. उठवलं की ते सगळे आपापल्या घरी, आपापल्या फोनवर जाणार होते. नवी हसल्यासारखी दिसत होती. आत्यानं चमचा पेल्याच्या काठाजवळ नेला आणि काटा नऊवर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.