रिकाम्या नोंदीचं पांढरं कार्ड

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मला कोणी विचारलंच नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि मला तो सोयीचा वाटला.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी गडचिरोलीत एका लहान संस्थेत प्रोग्रामर होतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्यांचं काम आमच्याकडे होतं. आई आणि वडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष रक्तात बाळगून असले, तर मूल आजारी जन्माला येऊ शकतं. एकच वाहक असला आणि दुसऱ्याच्या रक्तात दोष नसला तर ती भीती नसते. म्हणून तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड मिळायचं. रक्तात दोष नसला तर पांढरं, वाहकाला पिवळं, आजारी माणसाला लाल. सोयरीक पक्की करण्याआधी दोन्हीकडची कार्डं शेजारी ठेवून पाहा, असं आम्ही गावोगाव सांगत फिरायचो.

शिबिरांत घेतलेले रक्ताचे नमुने आलापल्लीच्या केंद्रात मशीनवर तपासले जात. मशीनकडून आलेली ओळ वाचण्यासाठी मी एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे आमच्या सगळ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. प्रत्येक ओळीपासून तिने एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या माणसाची एक नोंद, तयार करायचा. त्यात नाव, गाव आणि निकाल. पण मध्येच वीज जायची आणि ओळ अर्धीच यायची. नाव असायचं, निकाल नसायचा. अशा वेळी ऑब्जेक्ट तयार होऊ शकत नाही आणि लायब्ररीने ते तोंडावर सांगायला हवं. मी आधी तसंच लिहिलं होतं. प्रोग्राम तिथेच थांबायचा आणि आलापल्लीच्या केंद्रातून मला फोन यायचा. या फोनांना मी कंटाळलो आणि कोड बदलला. काहीही झालं तरी ऑब्जेक्ट तयार होणार, न आलेल्या निकालाच्या जागी शून्य राहणार. अशा नोंदी सवडीने शोधून काढू, असं ठरवलं. ती सवड मी काढली नाही.

चिमूरकडची एक तरुण प्रोग्रामर माझ्यासोबत काम करायची. तिने तो बदल पाहिला.

"सर, निकाल आलाच नाई तं ऑब्जेक्ट काऊन बनवून राह्यले? हे तं बिननवरदेवाची वरात झाली."

"केंद्राचे फोन बंद झाले की नाही?"

"झाले न. पण शून्याचा अर्थ काय ठेवला आपण, ते पाह्यलं का?"

आमच्या कोडमध्ये शून्याचा अर्थ होता 'रक्तात दोष नाही', म्हणजे पांढरं कार्ड. निकालांना शून्यापासून आकडे दिले होते आणि हा निकाल क्रमात पहिला होता. "पाहू," मी म्हणालो. पुढे ती नागपूरला गेली आणि मी पाहिलं नाही.

माझ्या खोलीजवळच्या बाजारात एक ढिवर बाई मासळी घेऊन बसायची. नवरा वारलेला, घरी दोन मुली. मी दिसलो की हाक मारायची, "सर, झिंगे घेऊन जा. तुमच्या कॉम्प्युटरवानी बंद नाई पडत ते!" थोरलीची सोयरीक आली तेव्हा मीच तिला म्हणालो, "बाई, कार्ड पाहिल्याशिवाय मुलगी देऊ नका." तिने गावच्या शिबिरात मुलीचं रक्त तपासून घेतलं आणि दोन्ही कार्डं पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आणली. मुलाचं पिवळं होतं, मुलीचं पांढरं.

"हे पिवळं पाहून मले धडकी भरली, सर. तुमी सांगा."

"तुमच्या मुलीचं पांढरं आहे ना? मग काही भीती नाही. लग्न करा."

लग्न झालं. मुलगा झाला. रांगायला लागला तशी त्याची हातापायाची बोटं सुजायला लागली, दुखण्याने तो रात्र रात्र रडायचा. त्याचं कार्ड लाल निघालं. त्याच्या आईची, म्हणजे थोरलीची, पुन्हा तपासणी झाली तेव्हा तीही वाहक निघाली.

थोरलीच्या सासरच्यांनी बैठक बोलावली. त्यात मलाही बोलावलं. निघण्याआधी मी ऑफिसात जुनी नोंद उघडून पाहिली होती. मुलीचं नाव होतं, गाव होतं. मशीनच्या मूळ ओळीत त्यापुढे काही नव्हतं. तिच्या रक्ताचा निकाल आमच्यापर्यंत आलाच नव्हता आणि तिचं पांढरं कार्ड माझ्या लायब्ररीने भरलेल्या शून्यावरून छापलं गेलं होतं. हे कळून मी त्या बैठकीत जाऊन बसलो.

थोरलीच्या नवऱ्याचा काका म्हणाला, "या बाईची सराशी वळख आहे. पांढरं कार्ड बनवून आणलं असन."

बाई उसळली. "मले काय म्हणाचं ते म्हणा. सराले नाव ठेवू नका! तो माणूस खोटं करत नाई."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "कार्ड मी बदललेलं नाही." ते खरं होतं. "मग असं कसं झालं?" कोणीतरी विचारलं. तेव्हा मी म्हणालो, "शिबिरात नमुन्यांची अदलाबदल झाली असेल."

एवढंच म्हणालो. मागून एक बाई बोलली, "धाकटीले बसवलं असन सुई टोचाले. मोठीचं रक्त वाईट, हे मायले माहीत असनच."

बाईने नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. "याची शपथ. थोरलीच बसली होती तिथी." तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मला खरं माहीत होतं आणि मी खाली सतरंजीकडे पाहत होतो. थोरली मूल घेऊन माहेरी आली ती कायमची. धाकटीला पुढे त्या भागातून स्थळच आलं नाही.

परतल्यावर मी लायब्ररी दुरुस्त केली. निकाल नसेल तर ऑब्जेक्ट तयार होत नाही, असं ती आता सांगते आणि थांबते. रिकाम्या नोंदींतल्या माणसांना मी पुन्हा बोलावलं, नवी मशीन आली आहे असं कारण देऊन. काहींची पांढरी कार्डं पिवळी झाली. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही आणि निवृत्त झालो.

मागच्या पावसाळ्यात बाई आजारी असल्याचं कळलं. सांगायचंच, असं ठरवून मी एसटीने तिच्या गावी गेलो. ती खाटेवर पडून होती. मला पाहून उठायला लागली, थोरलीने तिला धरलं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, त्या दिवशी माह्यापाई तुमाले लोकायनं नाई ते बोललं. मनात ठेवू नका."

मी म्हणालो, "आराम करा, बाई." चहा घेतला आणि पुढच्या गाडीने परत आलो. धान कापणीला येण्याआधी ती गेली. छापायला देण्याआधी हे पान तिच्या थोरल्या मुलीच्या हाती देणार आहे. पण जे म्हणायचं होतं ते तिच्या आईला म्हणायचं होतं.

बाई, शिबिरात तुमची थोरलीच बसली होती. अदलाबदल झाली नव्हती. चूक माझ्या कामात होती, ते मला त्या बैठकीत माहीत होतं, आणि तुम्ही माझी बाजू घेत असताना मी गप्प बसलो. मला माफ करा.