मोटर भरणारा गौतम

बातमी सेनगावच्या जीपवाल्यानं आणली. मी नुकतंच दुकानाचं शटर वर केलं होतं. त्यानं इंजिन चालूच ठेवलं, खिडकीतून मान काढली आणि म्हणाला, "रशीदभाई, गौतमदादा गेले. पहाटं छातीत दुखून राहिलं म्हणे... हिंगोलीला नेईस्तोवर..." जीप निघून गेली आणि मी हातातलं कुलूप तसंच धरून उभा राहिलो. त्याला आता दीड महिना होईल. गोरेगावात मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून नवी बसवायचं, पहिलं दुकान माझं. गौतम खिल्लारे माझा शागीर्द, मग माझा प्रतिस्पर्धी, आणि शेवटची आठ-दहा वर्षं माझा सगळ्यात जवळचा दोस्त. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, हे मी मुद्दाम शेवटी सांगतोय. स्वतःबद्दल सांगताना तोही हे शेवटीच सांगायचा.

हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, परभणी जिल्ह्यातच होती. गौतम विहिरी फोडणाऱ्या टोळीत होता. खडकात भोकं पाडायची, सुरुंगाची दारू भरायची, वात लावून वर यायचं. एकदा एक बार उडालाच नाही. बराच वेळ वाट पाहून तो बघायला खाली उतरला, आणि तेवढ्यात बार उडाला. जीव वाचला, डोळे गेले. चेहऱ्यात घुसलेली दगडाची कच निळ्या ठिपक्यांसारखी कायमची राहिली. ठेकेदार पुन्हा फिरकला नाही. पुढची दोन वर्षं गौतमनं घरातली एकच बाज विणली, उसवली, पुन्हा विणली. "रिकाम्या हातानं बसलो असतो तर येडा झालो असतो, उस्ताद," असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

त्याला माझ्याकडे घेऊन आली ती त्याची बायको, पंचफुला. निंदणी-खुरपणीला जाणारी बाई. दुकानासमोर नवऱ्याचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "याला काम शिकवा." मी हसलोच. म्हणालो, "बाई, इथं विजेचं काम. तारांचे रंग, दिव्याची टेस्टिंग... डोळ्याशिवाय कसं जमंल?" ती जागची हलली नाही. "डोळ्याचं काम मी करते. तुमी हाताचं शिकवा." मग गौतम पहिल्यांदा बोलला. "भाई, मी इतक्या विहिरी फोडल्या. पाण्याचा झरा लागला की आमचं काम संपलं. ते पाणी पुढं वर कसं येतं, ते मला कधी ठाऊकच न्हाई. आता तेवढं तरी शिकू द्या."

मी परवानगी दिली ती खरं तर दोघांना कटवायला. एक जळकी मोटर पुढ्यात टाकली आणि सांगितलं, एका कॉइलमध्ये किती वेढे आहेत ते मोज. वाटलं, तासाभरात कंटाळून जाईल. त्यानं दुपारपर्यंत बारीकशी एकेक तार नखावरून सरकवली आणि आकडा सांगितला. मी माझ्या वहीत पाहिलं. बराबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी येण्याआधीच दोघं शटरपाशी बसलेले होते.

आठ महिन्यांत तो माझ्यापेक्षा सफाईनं कॉइल भरू लागला. बोटावर घासून तारेचा गेज, म्हणजे जाडी, सांगायचा. तारांचे रंग दिसत नव्हते, म्हणून तो टोकांना गाठी मारायचा... एक गाठ, दोन गाठी, तीन. माझ्या टेस्टिंगच्या दिव्याचा त्याला उपयोग नव्हता, तर त्यानं टॉर्चचे सेल आणि दाराची घंटी जोडून स्वतःचं यंत्र बनवलं. तार जोडलेली असेल तर घंटी वाजायची. संध्याकाळी लाईट गेली की आम्ही सगळे हात झटकून बाहेर येऊन बसायचो. आतून गौतमच्या हातोडीचा आवाज येतच राहायचा.

तीन वर्षांनी त्यानं जीप स्टँडच्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. येऊन मला रीतसर सांगून गेला, पाया पडला. मी तोंडभर आशीर्वाद दिले... आणि महिन्याभरात माझी गिऱ्हाइकं तिकडे जायला लागली, तसा माझा जीव जळू लागला. एका शेतकऱ्याला मी चारचौघांत म्हणालो, "आंधळ्याच्या हातात मोटर देता काहून? विहिरीत टाकून द्या त्यापरीस." हे वाक्य गौतमपर्यंत पोचलं, मला माहीत होतं. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आज हे लिहितानाही मान खाली जाते.

मग तो उन्हाळा आला. नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. लोडशेडिंगनं आणि कमी-जास्त दाबानं मोटरी पटापट जळत होत्या. गोरेगावजवळच्या एका तांड्यावरची पिण्याच्या पाण्याची एकुलती एक मोटर माझ्याकडे आली. मी भरून दिली. चौथ्या दिवशी जळाली. पुन्हा भरली, पुन्हा जळाली. तिसऱ्यांदा मोटर आली तेव्हा तांड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दुकानापुढे येऊन बसल्या. त्यातली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "भाई, लेकरं खड्ड्यातलं पाणी पिऊन राहिली. तुमच्यानं होत नसंल तर तसं सांगा." माझ्यानं खरंच होत नव्हतं. चूक कुठे आहे, तेच कळत नव्हतं.

मी मोटर हातगाड्यावर टाकली आणि स्टँड ओलांडून गौतमच्या दुकानी गेलो. ती दोनशे पावलं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "या उस्ताद. आधी चहा सांगू का?" जुन्या गोष्टीचा एक शब्द नाही. जळकी तार उपसून त्यानं मोटरीच्या आतल्या खाचांवरून हळूहळू बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग थांबला. "उस्ताद, तुमचं बोट द्या. डोळे झाका." मी झाकले. त्यानं माझं बोट धरून एका खाचेच्या कडेला टेकवलं. तिळाएवढा काटा होता लोखंडाचा. माझ्याच छिन्नीनं निघालेला. नवी तार दर वेळी तिथेच कापली जात होती, आणि दोन चांगल्या डोळ्यांना तो दोनदा दिसला नव्हता.

त्यानं कानशीनं काटा घासला आणि भरायला बसला. मी शेजारी बसून खाचांत घालायचा पेपर कापत गेलो, शागिर्दासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मोटर घेऊन तांड्यावर गेलो. बटण दाबलं. पाइप आधी नुसता खोकला, मग हिसका बसला आणि पाणी आलं... बाया, लेकरं, कुत्री, सगळी त्या धारेखाली. म्हातारी माझे हात धरायला आली, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझ्यानं झालं न्हाई. ही गौतमनं भरली." गौतम धारेखाली ओंजळ धरून उभा होता. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता. "उस्ताद, गार हाय हो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याच्या दुकानाचं नाव हिंगोलीपर्यंत माहीत झालं. पण तो पैशापेक्षा माणसं जोडत गेला. ज्यांना कुणी कामावर घेत नाही, त्यांना त्यानं घेतलं. तांड्यावरच्या कविताची डाव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. "दोन बोटं लई झाली," म्हणून त्यानं तिला बसवलं आणि तार गुंडाळायचा लाकडी फर्मा गुडघ्यात धरता येईल असा बनवून घेतला. अपघातात पाय गेलेला एक ड्रायव्हर त्याच्याकडून शिकला आणि आता सेनगावात दुकान चालवतो. डोळ्यांबद्दल कुणी हळहळलं की तो म्हणायचा, "डोळे होते तवा मी एकटाच खात होतो. आता बघा, किती घरं जेवून राहिली."

गौतमच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर मी त्याच्या दुकानी गेलो. पंचफुला बिलाची पावती फाडत होती, कविता कॉइल बसवत होती. भिंतीवर मोठी लाकडी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा ठरलेला खिळा. एक जरी जागा चुकली तर गौतमचा अर्धा दिवस चाचपण्यात जायचा, म्हणून काम झालं की हत्यार लगेच आपल्या खिळ्यावर, हा तिथला कायदा. आता तिथे सगळ्यांनाच दिसतं, कुणाला चाचपायची गरज नाही. मी कविताला एक तार कापून दिली आणि पक्कड टेबलावर ठेवली. तिनं कामातून मान वर न करता म्हटलं, "उस्ताद, जागेवर." अगदी त्याच्याच स्वरात. मी उठलो, पक्कड तिच्या खिळ्याला अडकवली. बाहेर जळकी मोटर घेऊन एक ऑटो येऊन थांबला होता, आणि कविता पदराला हात पुसत विचारत होती, "किती एचपीची हाय, दादा?"