ज्ञानोबांच्या डबीतला चुना

ज्ञानोबा सरवद्यांना जळकोटच्या डेअरीत समोर सगळे सरवदे म्हणत आणि पाठीमागं 'कशावरून'. कुणी काहीही सांगितलं की ज्ञानोबा आधी डोळे बारीक करत, मान डाव्या खांद्यावर टाकत आणि दुधावरची साय न मोडता उचलावी इतक्या हळू आवाजात विचारत, "आसंल. पर कशावरून?"

लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीकडच्यांनी सांगितलं होतं, पोरगी सातवी पास हाय. ज्ञानोबांनी विचारलं, कशावरून? आतून ती पोरगी, जाईबाई, बाहेर आली. चिवडा बांधून आणलेला वर्तमानपत्राचा कागद तिनं उलगडला आणि तेलाच्या डागासकट पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून दाखवला. मग कागद पाव्हण्यांपुढं धरून म्हणाली, "आता तुमी वाचा. मॅट्रिक हाव म्हणं, पर कशावरून?" लग्न तिथंच पक्कं झालं.

आता संशय हा माणसाचा अवगुण असतो, पण ज्ञानोबांना त्याचा पगार मिळत होता. सतरा वर्षं ते डेअरीत दूध तपासत. काचेची नळी दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि मग दूधवाल्याच्या डोळ्यांत बघायचं. नळीपेक्षा लोक त्या बघण्याला जास्त भीत. या संशयाला दुसरंही एक कारण होतं. डेअरीत पगारावर लागलेले त्यांच्या वस्तीतले ते पहिलेच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लोण्याचा एक डबा गायब झाला आणि तीन दिवस सगळी डेअरी काही न बोलता ज्ञानोबांकडं बघत राहिली. चौथ्या दिवशी डबा अध्यक्षांच्याच जीपमध्ये पाठच्या सीटखाली निघाला. तेव्हाही कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून लोकांनी आपल्याकडं बघायच्या आत आपण लोकांकडं बघून घ्यायचं, असा ज्ञानोबांनी नेम धरला.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापर्यंत दुष्काळानं मात्र त्यांचा धंदाच बसवला. दुधात पाणी घालायला पाणी तर पाहिजे. विहिरी कोरड्या पडल्या आणि जळकोटच्या इतिहासात पहिल्यांदा दूध निर्मळ आलं. बिनकामाच्या ज्ञानोबांना मग अध्यक्ष नानासाहेबांनी गुरांच्या छावणीचा चारा सांभाळायला दिला. कुठल्या गावची किती जनावरं, कुणाला किती पेंढ्या, याची यादी ज्ञानोबा हातानं लिहीत. पण त्या यादीत एकच म्हैस तीन गावांत चारा खाताना सापडली, आणि जिल्ह्यावरून हुकूम आला की यापुढं यादी मशीनवर छापून पाठवा, त्याशिवाय चाऱ्याचे ट्रक सुटणार नाहीत. म्हणून कॉम्प्युटर आला. तो ठेवला नमुन्याच्या बाटल्यांच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली राहिली ज्ञानोबांकडं.

मशीन लावायला सोलापूरहून कंपनीचा माणूस आला. तो प्रत्येक वाक्याची सुरुवात "त्याचं काय आहे ना" अशी नाकातून करायचा, आणि काय आहे ते कधीच सांगायचा नाही. वाटेत खडखड झाली म्हणून त्यानं वीज घेणारा पत्र्याचा डबा उघडला. आत एक काळा चपटा तुकडा कंगोरे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूनं आवळलेला होता. त्यानं तुकडा सोडवला, जुनं पुसलं, खिशातून एक ट्यूब काढली, पांढरं मऊ काहीतरी मोहरीएवढं बोटावर घेतलं, तुकड्याला फासलं, परत आवळलं, आणि भरलेली ट्यूब परत खिशात घातली.

ज्ञानोबा ट्यूब खिशात जाईपर्यंत बघत होते. पांढरं, मऊ, बोटानं लावायचं. हा चुना आहे हे सांगायला कॉम्प्युटर शिकायला नको. आणि लावला किती, तर मोहरीएवढा! एवढ्या मोठ्या मशीनला एवढासा, बाकीचा घरी. आपल्यालाच चुना लावून गेला की हा.

पुढच्या रविवारी डेअरी बंद होती, तारेत वीजही नव्हती. ज्ञानोबांनी खोली उघडली, दूध तपासायच्या यंत्राचा पाना-स्क्रूड्रायव्हर घेतला, सोलापूरकराचं ते मोहरीएवढं पुसून टाकलं आणि कमरेची तंबाखूची डबी काढून स्वतःच्या चुन्याचा चांगला बोटभर थर दिला. डेअरीच्या वस्तूला कमी पडू द्यायचं नाही. स्क्रू आवळला, हात पुसला आणि वरून एक चिमूट तंबाखू मळून खाल्ली.

दोन दिवसांनी मशीन दुपारी बंद पडायला लागलं.

सकाळी सुरळीत चालायचं. ऊन पत्र्यावर चढलं की दहा-वीस मिनिटांत पडदा काळा. तासाभरानं परत चालू, परत काळा. मशीन चालवणारी जगदेवी, सोलापुरात तीन महिने शिकून आलेली, कपाळावर हात मारून बसायची. सोलापूरकर परत आला, "त्याचं काय आहे ना" म्हणाला आणि डबाच पुण्याला पाठवावा लागेल, महिना जाईल, असं सांगून गेला. यादी अर्धीच राहिली. तोवर डेअरीत कुजबुज सुरू झाली. हातची यादी गेली म्हणून सरवद्याला राग आलाय. किल्ली त्याच्याकडं. दुपारी तोच जवळ असतो. बटण कोण बंद करतंय, हे काय सांगायला पाहिजे?

ज्ञानोबांनी त्यावर स्वतः पाळत ठेवली. जगदेवीच्या हाताकडं बघितलं, वायरमनकडं बघितलं, खिडकीतल्या पालीकडंसुद्धा बघितलं. शेवटी प्लग दोन्ही हातांनी धरून भिंतीला टेकून बसले, आणि मशीन त्यांच्या हातातच बंद पडलं. मग एकच माणूस उरला. सोलापूरकरानं मशीनच खराब दिलं.

शुक्रवारी नानासाहेबांनी बोलावलं. नानासाहेब दर दोन वाक्यांनंतर "काय म्हणतो मी" म्हणायचे आणि समोरच्यानं ते परत सांगावं अशी अपेक्षा करायचे.

"उद्या शनिवार. सहा गावं वाट बघायलीत, काय म्हणतो मी. उद्या चारपतुर यादी न्हाय निघाली तर किल्ली टेबलावर ठेवायची आन घरी जायचं. लोक काय बोलायलेत ते तुला म्हाईत हाय."

किल्ली गेली तर जाणार होतं ते नावच. लोण्याचा डबा परत एकदा हरवला असता, आणि ह्या खेपेला कुठल्या जीपमध्येही सापडला नसता.

शनिवारी सकाळी ज्ञानोबा हायवेवर महांतप्पाच्या दुकानात गेले. महांतप्पा रेडिओ आणि लग्नातले लाऊडस्पीकर दुरुस्त करायचा. दुकान मिरची भज्यांच्या हॉटेलाला चिकटून. कढईत मिरची पडली की एस्टीतले उतारू शिंकत शिंकत दूर पळायचे, आणि महांतप्पा सोल्डरच्या धुरात नाक घालून बसलेला असायचा, ढिम्म. बोलायचा मराठी, पण चाल कानडी, प्रत्येक वाक्य शेवटी थोडं लांबवून टांगून ठेवल्यासारखं.

"हीट झाला की बंद पडायलंय म्हंजे आत कुटं तर पेस्ट वाळलंय बघा ओ," तो म्हणाला. "लाऊडस्पीकरच्या मशीनलाबी तेच लागतंय."

ज्ञानोबांनी त्याला खोलीत नेलं, पण आधी त्याची पिशवी उलटी करून सगळी हत्यारं दाखवायला लावली. महांतप्पानं दाखवली. बाराचं ऊन पत्र्यावर तापत होतं. जगदेवी दाराशी उभी राहिली आणि नानासाहेबही आले. डबा उघडला. महांतप्पानं स्क्रू काढला आणि तो काळा तुकडा उचलला, तर खालून पांढरा खपला निघाला, भिंतीचा रंग सुटावा तसा, तडा गेलेला, हाताला पीठ लागणारा.

"दोन्ही बाजू गुळगुळीत दिसायलेत, पर न्हाईत," महांतप्पा जगदेवीला सांगत होता. "मधी बारीक खड्डे, खड्ड्यात हवा. भाकर तव्यावर फुगली की खालून भाजती काय? न्हाय. तसं हे. पेस्ट हवा काढतंय. मोहरीएवडंच लावायचं. लई लावलं, वाळलं, की तेच आड येतंय."

मोहरीएवढं. ज्ञानोबांचा हात कमरेच्या डबीवर गेला.

"पर काय निघालं?" नानासाहेबांनी विचारलं.

"चुना निघाला," महांतप्पा खपला चिमटीत चुरत म्हणाला.

"चुना? कुणी लावला?"

महांतप्पानं खपल्याची भुकटी बोटावर घेतली, नाकापाशी नेली, हुंगली, आणि वर मान करून थेट ज्ञानोबांकडं बघितलं.

ते बघणं ज्ञानोबा ओळखत होते. सतरा वर्षं त्यांनी तेच बघणं दूधवाल्यांना दिलं होतं. तंबाखूचा वास. कळलं त्याला. आता बोलणार नाही, मंगळवारच्या बाजारात बोलणार. किंवा कधीच बोलणार नाही, पण रस्त्यात भेटला की असाच बघणार, आणि मग जन्मभर आपण विचार करायचा की आज सांगेल का उद्या.

"तो सोलापूरचाच," नानासाहेब तापले. "आजच त्याच्या कंपनीला पत्र लिवतो. नोकरीवरून काढा म्हणतो. काय म्हणतो मी?"

जगदेवीनं मान हलवली. महांतप्पा ज्ञानोबांकडंच बघत होता. नाकातून बोलणारा सोलापूरचा तो पोरगा आता काही गुन्हा नसताना चौथ्या दिवसाची वाट बघणार होता, आणि त्याच्यासाठी कुणाच्या जीपमध्ये काही निघणार नव्हतं.

"म्या लावला," ज्ञानोबा म्हणाले.

 नानासाहेबांनी डोळे बारीक केले.

"कशावरून?"

ज्ञानोबांनी कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. रविवारचं सगळं सांगितलं, बोटभर थरासकट. मग महांतप्पाकडं वळले. "तू तर वासावरनंच वळीकलंस. तुज्या बगण्यावरनंच कळलं मला."

महांतप्पा गोंधळून म्हणाला, "वास? म्या तर पुसायला फडकं मागत होतो ओ. माज्या नाकाचा कारभार ह्या धुरात कवाच संपलाय. मला काय बी वास येत न्हाय."

आधी जगदेवीला हसू फुटलं. नानासाहेबांनी ते गिळायचा प्रयत्न केला आणि ते खोकल्यातून बाहेर पडलं. महांतप्पानं खपला खरवडून काढला, दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसल्या, आपल्या ट्यूबमधून मोहरीएवढं लावलं आणि स्क्रू आवळला. ऊन पत्र्यावर तसंच होतं. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले, आणि पडदा काळा झाला नाही. साडेतीनला प्रिंटर करकरत सुटला, आणि प्रत्येक म्हैस एकाच गावात चारा खाताना छापून आली.

ज्ञानोबांनी न सांगताच किल्ली टेबलावर, डबीशेजारी ठेवली.

नानासाहेब दोन्हीकडं बघत राहिले. लोण्याच्या डब्याची गोष्ट त्यांनाही आठवली असेल, नसेल. शेवटी त्यांनी किल्ली ज्ञानोबांकडं सरकवली आणि डबी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "किल्ली तुज्याकडं. चुना माज्याकडं. काय म्हणतो मी?"

"चुना तुमच्याकडं," ज्ञानोबा म्हणाले.

सोमवारी मात्र त्यांना चैन पडेना. महांतप्पाचं नाक गेलंय, आसंल, पर कशावरून? त्यांनी जाईबाईच्या डब्यातला हिंगाचा खडा रुमालात बांधला, दुकानात गेले आणि काही न बोलता महांतप्पाच्या नाकाखाली धरला.

महांतप्पाचं नाक एक क्षण, अगदी एकच क्षण, आक्रसलं. मग त्यानं सोल्डरवरून मान वर केली.

"काय आणलाव ओ सरवदे? अंगाचा साबण हाय का?"

ज्ञानोबांनी मान डाव्या खांद्यावर टाकली. 'कशावरून' विचारायला तोंड उघडलं. शेजारच्या कढईत मिरच्या पडल्या, आणि एस्टीची वाट बघणारे सगळे शिंकायला लागले.

"व्हय," ज्ञानोबा म्हणाले, "साबणच हाय." आणि रुमाल खिशात घालून ते डेअरीच्या वाटेला लागले.