पडद्यावरचे रिकामे चौकोन

मोबाईलवर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला की मला बिडकीनच्या कारखान्यातला गरम तेलाचा वास येतो. चीनला जाणाऱ्या, पत्रा साच्यात दाबणाऱ्या प्रेसच्या पडद्याच्या मेमरीत जागा थोडी, म्हणून लागतील तेवढीच चिनी अक्षरं आम्ही निवडून भरली होती. साहेबांनी नंतर धोक्याची एक सूचना वाढवली, तिची अक्षरं मात्र भरायची राहिली. चाचणीला आलेला चिनी इंजिनिअर साच्यात हात घालून पुसत असताना पडद्यावर लाल चौकोनांची रांग उमटली. त्यानं पाहिलं, हसला आणि पुसतच राहिला. "काय लिवलंय ओ त्यात?" ऑपरेटर मामांनी विचारलं. "हात काढा," मी म्हणालो. मामांनी झडप घालून यंत्र थांबवायचं बटण दाबलं. खाली येणारी प्रेस इंजिनिअरच्या मनगटाच्या वर वीतभर थांबली. अजून चौकोन दिसला की मी आधी हात मागं घेतो.