फ्लेक्सवरच्या दोघी

ओरत्तनाडूला जाणारी बस तंजावर सोडताना एका कोपऱ्यावर वळते. त्या कोपऱ्यावर तीन वर्षांहून जास्त काळ मी टांगलेली होते. दरवाजाएवढ्या फ्लेक्सवर, आणि एकदा नाही, दोनदा. डावीकडे जाडी मी, उजवीकडे बारीक मी, आणि दोघींच्या डोक्यावर तमिळमध्ये ठळक लिहिलेलं: ‘आधी’, ‘नंतर’.

मी तंजावरात राहते आणि ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. घरी आमची जुनी तंजावरी मराठी चालते, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. देवनागरी मला वडिलांनी हात धरून शिकवली म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मुलीला मात्र वाचून दाखवावं लागेल.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझं वजन एक्क्याण्णव किलो होतं. बसची पायरी चढताना खालून कुणीतरी आधार द्यायचं आणि वरून कुणीतरी हसायचं. गुडघे रात्रंदिवस ठणकायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बीपीची गोळी वाढवू, की वजन कमी करणार?” मग मी त्याच कोपऱ्यावरच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या वजन घटवण्याच्या केंद्रात नाव घातलं. ते चालवणारा माणूस तिशीतला, बोलायला गोड. त्यानं सांगितलं तसं मी केलं. भात कमी केला, कचेरीतल्या चहाबरोबरचा वडा सोडला, संध्याकाळी मोठ्या देवळाच्या बाहेरून फेऱ्या मारायला लागले. पहिले काही महिने भुकेनं रडू यायचं. दीड वर्षानं काटा अडुसष्टवर आला.

“मॅडम, एक फोटो लावू का? बाकीच्यांना हुरूप येईल,” त्यानं विचारलं. मला वाटलं, आत भिंतीवर लावेल. मी हो म्हटलं.

फ्लेक्स मी पहिल्यांदा बसच्या खिडकीतून पाहिला. उजवीकडचा फोटो छान होता. केसांत मोगरा, नवी साडी, चेहऱ्यावर हसू. डावीकडचा पहिल्या दिवशी घेतलेला. निऱ्या वेड्यावाकड्या, तोंड अर्धवट उघडं, ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरा पिठासारखा. तरी मी हरखले, खोटं कशाला सांगू? आमच्या ह्यांनी फ्लेक्सपुढे उभं करून माझा फोटो काढला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, “रस्त्यावर टांगलं तुला? आतां अख्खं गांव दृष्ट लावील.” आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

दृष्ट लागली की नाही ठाऊक नाही, लोकांच्या नजरा मात्र चिकटल्या. कचेरीच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी आलेला माणूस दाखला विसरून म्हणायचा, “तुम्ही त्या बोर्डावरच्या ना?” आणि मग वरपासून खालपर्यंत बघायचा, बोर्डाशी ताडून. तिरुवैयारूला गेले आणि दुकानात पाहुण्यांसाठी अशोका घेतला. अशोका म्हणजे तिथला मुगाच्या डाळीचा तुपानं थबथबलेला हलवा. दुकानदार पुडा बांधता बांधता म्हणाला, “अक्का, तुम्ही खाणार नाही ना? बोर्ड खोटा पडेल.” सगळं दुकान हसलं. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मला त्याचा राग आला आणि तो आजही गेलेला नाही.

वजन कमी होत होतं तेव्हा दर आठवड्याला काहीतरी घडत होतं. ब्लाउज सैल व्हायचे, शेजारणी विचारायच्या. अडुसष्टवर आल्यावर काहीच घडेना. आज जे खाल्लं नाही ते उद्याही खायचं नाही, आज जितकं चाललं तितकं उद्याही चालायचं, आणि इतकं करून काटा जिथल्या तिथे. हे कुणाला सांगणार? “काय विशेष?” म्हणून कुणी विचारलं तर “वजन वाढलं नाही” हे काय उत्तर झालं? पण माझ्या मते खरं काम तेच होतं. शरीर रोज जुन्या जागी परत जायला बघायचं आणि मी रोज त्याला अडवायची.

फ्लेक्स लागून तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा आत्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग दोन महिने त्या बिछान्यावर आणि मी त्यांच्याजवळ. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मिळेल ते खायचं. परोटा, पोंगल, गोड कॉफी. फेऱ्या बंद झाल्या. दुपारी आत्यांना झोप लागली की मी जिन्यात बसून मुरुक्कूचं, म्हणजे चकलीचं पाकीट संपवायची, कारण त्या वेळी दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं. आत्या वॉकर धरून उभ्या राहिल्या तेव्हा मी पंचाहत्तर किलोची झाले होते.

मी घाबरले, पण खचले नाही. कमी कसं करायचं ते मला माहीत होतं. पुन्हा चालायला लागले. तेवढ्यात केंद्रवाल्याचा फोन आला.

“मॅडम, जरा येऊन जाता? मागच्या दारानं या.”

मागच्या दारानं का, ते आत गेल्यावर कळलं. त्यानं मला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि दार लोटून घेतलं.

“मॅडम, तीन महिन्यांचा कोर्स फुकट करा. मी स्वतः लक्ष देतो. पुढच्या महिन्यात केंद्राचा वाढदिवस आहे, नवीन लोक येतात. कुणीकुणी तुम्हाला ओळखलं. म्हणतात, त्या बाईचं परत वाढलं.”

“वाढलंय. सासूबाई आजारी होत्या.”

“ते लोकांना कसं कळणार?” तो अगदी हळू आवाजात म्हणाला. “तोपर्यंत एक करा. आमच्या समोरच्या थांब्यावर उभ्या राहू नका. अलीकडच्या थांब्यावरून बस पकडा. बोर्डाखाली तुम्ही दिसलात की बरं दिसत नाही.”

मी खरं तर रोज अलीकडच्याच थांब्यावरून चढत होते, तो आमच्या गल्लीला जवळ. हे त्याला सांगितलं नाही.

“मग बोर्ड काढा,” मी म्हटलं.

“असं कसं, मॅडम? परवानगी तुम्हीच दिली होती.”

“आता काढून घेते. आणि ती डावीकडची आहे ना, जिला बघून लोक हसतात? तिनं मुलगी वाढवली, नोकरी केली, आणि एक्क्याण्णव किलो घेऊन तुमचे दोन मजले चढून आली. उजवीकडच्या बाईनं अजून एवढं काही केलेलं नाही.”

तो नुसता हसला. वाढदिवस होऊ द्या, मग बघू, म्हणाला. मी पुढच्या दारानं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या समोरच्या थांब्यावर उभी राहायला लागले. घरापासून लांब पडायचं, त्यामुळे सकाळचं चालणंही व्हायचं. फ्लेक्सच्या बरोबर खाली, डबा आणि छत्री घेऊन. आमचे हे म्हणाले, “कशाला उगाच तमाशा?” मी म्हटलं, “मी बसची वाट बघते आहे. यात तमाशा काय?”

पहिले दोन-तीन दिवस लोक वर बघायचे, मग माझ्याकडे, मग दुसरीकडे. नजर चुकवली नाही की माणसं बोलायला लागतात, हे मला तिथे कळलं. एक फुलवाली म्हणाली, “अक्का, ही तुम्हीच?” मी म्हटलं, “दोन्ही मीच. आणि ही तिसरीही मीच. सात किलो परत आलेत, त्यातला एक गेला.” ती खदखदून हसली आणि गजरा तोडून दिला. केंद्रात चौकशीला आलेल्या बायका वर चढण्याआधी मला गाठायला लागल्या.

“खरंच कमी होतं का हो?”

“होतं.”

“मग राहतं का?”

“आपलं आपण राहत नाही. ठेवावं लागतं. रोज. घरात कुणी आजारी पडलं तर थोडं सुटतं, मग पुन्हा धरायचं. हे ते वर सांगणार नाहीत, म्हणून मी खाली सांगते.”

काही जणी वर गेल्या, काही परत फिरल्या. मी कुणालाही जाऊ नका म्हटलं नाही. तरी एक दिवस तो स्वतः खाली आला. वाढदिवस आठवड्यावर आला होता. ऊन चढलं होतं आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे?”

“माझा चेहरा.”

त्यानं वर फ्लेक्सकडे पाहिलं. मग शिडी आणली, स्वतःच वर चढला आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धपकन खाली आला, धुळीसकट. गुंडाळून माझ्या हातात देताना तो म्हणाला, “तुम्ही माझं नुकसान केलंत.” मी म्हटलं, “तुमच्याकडे शिकले ते चांगलंच शिकले. तेही मी सगळ्यांना सांगते.” आणि ते खरं होतं. बस आली, मी ती गुंडाळी घेऊन चढले, कंडक्टरनं तिला सामानाचं तिकीट लावलं.

घरात एवढा मोठा फ्लेक्स ठेवणार कुठे? कावेरीच्या बाजूला ह्यांच्या मावसभावाची शेती आहे. कापणी चालू होती आणि ढग येत होते. भाताच्या राशीवर घालायला त्यानं तो मागितला. आमच्याकडे जुने फ्लेक्स तसेच संपतात. तो पालथा घालत होता, मला लाज वाटेल म्हणून. मी म्हटलं, “भावजी, चेहरे वर असू देत. दोघींचेही.” त्यानं सुलट घातला आणि कडेला विटा ठेवल्या. डावीकडच्या बाईच्या गालावर कोंबडी चढून बसली. मी तिला हाकललं नाही.

त्यानंतर सात-आठ महिने गेले. सातातले पाच किलो गेले, दोन राहिले. त्या दोघांशी मी भांडते, कधी ते जिंकतात. आता सकाळी फेऱ्या मारताना आत्या वॉकर घेऊन फाटकापर्यंत सोबत येतात, पुढे मी एकटी.

मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न झालं. पंगतीत केळीच्या पानावर दुसऱ्यांदा भात आला तेव्हा मी हात आडवा धरला. नणंदेनं वाढप्याला खूण केली, “वाढ रे, ती लाजते.” त्यानं माझ्या बोटांवरून भाताचा डोंगर ओतला, त्यावर सांबार.

“वन्सं, मी नको म्हटलं होतं.”

“एक दिवस खाल्लंस तर काय बिघडणार आहे? किती वर्षं असं चालवणार आहेस तूं?”

“मरेपर्यंत.”

लग्नघरात असला शब्द काढला म्हणून नणंद माझ्याकडे बघतच राहिली. आमच्यात पानात टाकून उठणं वाईट समजतात, आणि मी आयुष्यात कधी टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं. पान मिटलं, उठले, नळावर हात धुतले आणि वधूवरांबरोबर फोटो काढायला गेले. मधोमध उभी राहिले.