न बघता घेतलेलं घर

नळवाल्या काकांना गल्लीत सगळे मागून ‘चौकशीखातं’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात गल्लीचा काही दोष नव्हता. काका नळ दुरुस्त करायला आले की वॉशर बदलायला पाच मिनिटं लागायची आणि पुढचा अर्धा तास घरची सून कुठे नोकरी करते, वरचे भाडेकरू का गेले, ही भिंत मधेच का घातली, यात जायचा. वाईट हेतू अजिबात नाही हो! माहीत करून घेतल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली घासच उतरायचा नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींत नाक खुपसून माणूस आणखी कसा होणार?

तर असे हे काका आपलं घर विकायला निघाले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तीन खोल्या. विकायचं कारण काकूंचे गुडघे. आठ महिने झाले, काकू खाली उतरल्याच नव्हत्या. डॉक्टर घरी यायचा, भाजी टोपलीतून दोरीने वर यायची, आणि काकू खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायच्या. मुलीने स्वतःच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्या होत्या. तिथला मालक म्हणाला, शनिवारपर्यंत थांबतो, पुढे माझी जबाबदारी नाही. म्हणजे शनिवारच्या आत हातात पैसे हवेत. बँकेचं कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक दोन महिने लावतं.

एजंटने एक रोखीवाला आणला. रोखीवाला म्हणजे पोत्यात नोटा घेऊन फिरणारा नव्हे. कर्जाची भानगड नाही, शुक्रवारी सही, शुक्रवारीच सगळी रक्कम खात्यात. भाव बाजारापेक्षा कमी, पण घर आहे तसं, मोडक्या खिडकीसकट घेणार. आणि बघायलाही येणार नाही.

“बघायला येणार नाही म्हणजे?” काकांनी विचारलं.

“म्हणजे येणार नाही,” एजंट म्हणाला. “काका, तुमचं काय जातंय?”

काय जातंय! काकांची झोप गेली. माणूस वांगं घेताना दाबून बघतो, आणि हा घर न बघता घेतो? त्यांनी वाण्याला विचारलं, खालच्या शिंपिणीला विचारलं, ज्यांनी आधी याला घर विकलं होतं त्यांचा पत्ता काढून तिथेही जाऊन आले. पैसे वेळेवर मिळाले, एवढंच सगळे सांगत. का बघत नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बुधवारी काका थेट त्याच्या ऑफिसात जाऊन थडकले.

टायरच्या दुकानावर एक खोली. टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्यावर किल्ली, प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा नंबर. खुर्चीत किडकिडीत, चष्मेवाला माणूस. काकांनी किल्ल्या मोजायला सुरुवात केली.

“एकेचाळीस आहेत,” तो माणूस म्हणाला. “बसा. काय काम होतं?”

काकांनी विचारायचं ते विचारलंच. वर, कुणी विचारलेलं नसताना, हेही सांगून टाकलं की न्हाणीघराच्या भिंतीत एक जुना जोड झिरपतो, खालच्यांच्या छताला ओल येते, आणि तो जोड नेमका कुठे आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला सापडणार नाही. एजंटने हे ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोखीवाल्याने पेन खाली ठेवलं.

“पहिली अकरा घरं मी बघून घेतली,” तो म्हणाला. “अकराही जणांनी मला नवा रंग दाखवला. रंगाच्या मागे काय होतं ते मला नंतर कळलं. तेव्हापासून मी सगळं मोडलंय असं धरूनच भाव सांगतो. तुमचा जोडही त्यात आला.”

काकांना हे उत्तर फार आवडलं. ते उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, “पण माझाही एक प्रश्न आहे. स्वतःहून दोष सांगायला येणारे तुम्ही पाचवे. आधीचे चौघे आयत्या वेळी सही करायला आलेच नाहीत. त्यांना विकायचंच नव्हतं, फक्त ‘नाही’ माझ्या तोंडून हवं होतं. घरी कोण असतं?”

“बायको.”

“तिला विचारून या. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर मी दुसरीकडे पैसे लावतो.”

‘मोठा आला शहाणा,’ असं म्हणत काका घरी आले. आल्या आल्या काकूंना सगळी हकीकत सांगितली, किल्ल्यांची भिंत, अकरा घरं, सगळं साग्रसंगीत. काकू हसल्या नाहीत.

“मग विचारा की,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्याने सांगितलंय ते.”

काका जरा गडबडले. गावभर विचारून झालं होतं, आणि हे राहिलंच होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. “तुला... विकायचंय ना?”

काकू म्हणाल्या, “तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा मी जिना उतरून बघते. रोज. काल अकरा पायऱ्या उतरले. वर येताना बसून बसून आले.”

“पडली असतीस म्हणजे? मला का नाही सांगितलंस?”

“तुमचं हे घर, तुम्ही हाताने टाकलेले पाइप. मला वाटलं, विचारतील कधीतरी. तुम्ही सगळ्यांना सगळं विचारता हो. मला आठ महिन्यांत एवढंच विचारलंत, गोळी घेतली का.”

काकांना फार लाज वाटली. खरंच त्यांना विकायचं नव्हतं, आणि हे एका परक्या माणसाला पाच मिनिटांत कळलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एजंटला फोन लावला आणि सही पक्की म्हणून सांगितलं.

शुक्रवारी काकू जिना उतरल्या. एक हात कठड्यावर, एक काकांच्या खांद्यावर, दर मजल्यावर खुर्ची. पाऊण तास लागला. खाली सहीला न्यायला गाडी उभी होती, एजंट घड्याळ बघत होता. काकू गाडीत बसेनात. फाटकापाशी रस्त्यावर पाय टेकून तशाच उभ्या राहिल्या.

“दुखतंय का?” काकांनी विचारलं.

“दुखतंय,” काकू म्हणाल्या. “जरा उभी राहू द्या.”