मे महिन्याचं पाणी

माशाला हात लावण्याआधी चाचा दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायचे. मी पहिल्यांदा घाईने एक मासा उचलला, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून घेऊन तळ्यात सोडला. "साहेब, आधी हात ओला करा. कोरड्या हाताने त्याची साल निघते, मग तिथंच सडतं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो कामात सतत अडवतो आणि ज्याचा आपल्याला कंटाळा येतो.

मी इंदिरानगरात राहतो, एका कारखान्याचे स्टोअर सांभाळतो. विंचूरजवळ माझ्या साडूंची द्राक्षबाग आहे, आणि बागेसाठी प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे. त्यात भागीदारीत रोहू मासे पाळायचे आम्ही ठरवले. देखरेखीला चाचांना ठेवले. साठीच्या पुढचे, सगळी उमर मासळी बाजारात गेलेली.

बीज सोडायच्या दिवशी मी लांबी, रुंदी, खोली गुणून हिशेब नेला होता. पाच हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले. चाचांनी माझी वही पाहिली नाही. त्यांच्याकडे दोन खुणांचा एक बांबू होता. वरची खूण आजच्या पाण्याची. खालच्या खुणेवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे मे महिन्याचं पाणी. याच्यावर मोजा. दोन हजार."

"तळं तुडुंब आहे, चाचा."

"आज आहे. छाटणीनंतर बाग पाणी ओढणार. मासा उठून कुठं जाईल, साहेब?"

साडू हसले. "चाचा, मासे हायेत का जावई? लय लाड नका करू."

मी पाच हजार सोडले. माझा गुणाकार बरोबर होता.

हॉटेलवाल्यांसाठी थोडे मासे काढायचे, तेव्हा चाचा प्रत्येकाच्या डोक्यावर दांडक्याचा एकच नेमका घाव घालत आणि मगच टोपलीत टाकत. मासे न्यायला आलेला व्यापारी वैतागे. "अहो चाचा, टोपलीत आपोआप मरतात की."

"तुला पोत्यात घालतो. तूही आपोआप मरशील."

त्यांच्या या पद्धतीने तासाला किती मासे कमी निघतात, ते मी घड्याळ लावून पाहिले होते. वहीतही लिहिले होते.

हिवाळ्यात ते म्हणाले, निम्मे आत्ताच काढा, दाटी झाली. लहान माशाला भाव कमी होता. मी थांबायला सांगितले.

मे महिन्यात एका पहाटे त्यांचा फोन आला. "साहेब, सगळे वर तोंड काढून उभे आहेत. बागेची मोटर बंद करायला लावा. बोअरचं पाणी तळ्यात सोडायला सांगा."

मी साडूंना फोन लावला. "माशांपायी बाग जाळू का?" ते म्हणाले. मी म्हणालो, दुपारपर्यंत बघू. हे मीच म्हणालो.

मी पोचलो तेव्हा चाचा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. बादली भरून डोक्याच्या वर न्यायची, ओतायची, पुन्हा भरायची. एवढ्या तळ्यात एका माणसाची बादली किती हवा घालणार? पांढरी पोटे काठापर्यंत आली होती. काठाशी पाण्यात उभ्या केलेल्या बांबूची खालची खूण कोरडी पडली होती.

बागेतले चार मजूर जमले होते. त्यांच्यादेखत साडूंनी विचारले, "चाचा, आधी नाय का सांगायचं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी तळ्याकडे पाहिले.

मग ते मेलेले मासे काढू लागले. बादली बाजूला ठेवण्यासाठी काठावर आले होते, परत जाताना त्यांनी आधी दोन्ही हात बुडवले.

"आता काय उपयोग, चाचा?" मी विचारले.

"सवय आहे, साहेब."

दुपारी ते कोणाला न सांगता गेले. किती मासे मेले, ते मी मोजले नाही. त्यांचा त्या महिन्याचा पगार साडूंनी नुकसानीत धरला आणि मी तो तसाच वहीत लिहिला. मासे पुरायला जेसीबीने खड्डा खणला. त्याचे दोन हजार रुपये मी जेसीबीवाल्याला दिले, रोख, जागच्या जागी.